घडीताईंचा सहाचा फोन

आमच्या जिन्याखाली इस्त्रीचं टेबल आहे. त्यामागे ज्या उभ्या असतात, त्यांना सगळी बिल्डिंग घडीताई म्हणते. हे नाव आमच्या पहिल्या मजल्यावरून खाली गेलं असा माझा दावा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचाही तोच दावा आहे, आणि दोघांपैकी कुणीही माघार घ्यायला तयार नाही. ते असो. त्यांनी घडी घातलेला शर्ट पंधरा दिवसांनी कपाटातून काढावा, तरी कॉलर अशी ताठ उभी असते की शर्टाच्या आत अजून माणूस आहे असं वाटावं.

इस्त्री किती तापली हे त्या हाताने बघत नाहीत. उचलून गालाजवळ नेतात, चार बोटं लांब धरतात, क्षणभर डोळे मिटतात आणि ठरवतात: हे पडद्यांना चालेल, सुती शर्टाला अजून थांबायला हवं. मी एकदा म्हटलं, "अहो, बटणावर आकडे दिलेत की."

"आकडे कंपनीने घातलेत वहिनी. तिने तुमचे पडदे कुठे बघितलेत?"

हाताने का बघत नाहीत, ते त्यांचे तळहात पाहिले की कळतं. वीस वर्षं गरम कापडावरून फिरून ते जाड आणि गुळगुळीत झालेत, जुन्या चामडी पट्ट्यासारखे. चहाचा उकळता पेला त्या कडेने नाही, मधोमध मुठीत धरतात. आपण बघूनच हात झटकावा.

त्यांचं घर मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. नवरा मालाचा ट्रक चालवतो. आठवड्यातले दोन दिवस घरी, पाच दिवस रस्त्यावर. एकुलती एक लेक बावीस वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि घडीताईही. लेक शाळेत जायला लागली तेव्हा पहिली तीन वर्षं घडीताई मागच्या बाकावर बसून शिकल्या. बाईंनी मुलांना मांजर, पाऊस, काल, उद्या असं जे जे हातांनी शिकवलं, ते सगळं त्यांनी मुलांबरोबर गिरवलं. "लहानपणी मला शाळेतून दोनदा काढलं होतं," त्या सांगतात, "तिसऱ्या वेळेला माझ्या पोरीने नेऊन बसवलं." वडिलांना मात्र पाचच खुणा येतात: जेवलीस का, झोप, शाबास, दार लाव, आई कुठेय. तेवढ्यावर बापलेकीचं अगदी छान चाललंय. घडीताई म्हणतात, "माझ्याशीही ते एवढंच बोलतात."

तर या लेकीला यंदा नोकरी लागली. बसने आठ तास लांब, वह्यांच्या कारखान्यात. राहायला कारखान्याजवळच बायकांचं वसतिगृह. पण नोकरी पक्की नव्हती. एक महिना काम करून दाखवायचं आणि चौथ्या शनिवारी तिथल्या मुकादमबाई ठरवणार, ठेवायचं की घरी पाठवायचं. या आधी दोन ठिकाणांहून तिला परत पाठवलं होतं, दोन्हीकडे एकच कारण देऊन: "मुलगी चांगली आहे हो, पण सांगायचं कसं?"

म्हणून या वेळी घडीताईंनी स्वतःच मुकादमबाईंना गळ घातली. सहाला पाळी सुटली की पंधरा मिनिटं थांबा. लेक मला व्हिडिओ कॉल लावेल. तुम्ही तोंडाने बोला, मी ते हातांनी तिला सांगते. तिचं हातांचं बोलणं मी तुम्हाला तोंडाने सांगते. आज काय चुकलं, उद्या काय करायचं, सगळं. मुकादमबाई हो म्हणाल्या. लेकीला लिहिता-वाचता येतं, नाही असं नाही. पण लिहिलेली भाषा तिला आपल्याला परकी भाषा यावी तशी येते. "जेवले", "बस मिळाली" एवढं झकास. "चौथ्या फर्म्यानंतर कोरा कागद घालून मग शिवणीला दे" असं लिहून दिलं की ती मान डोलावते आणि कोरा कागद भलतीकडेच घालते.

हे सहाचं दृश्य मी गॅलरीतून बघायचे. सहा वाजायला दोन मिनिटं असली की इस्त्री उभी राहायची, टेबलावरचा दिवा लागायचा आणि घडीताई पदर खोचून फोनसमोर उभ्या राहायच्या. तोंडाने "हो बाई, बरं बाई" आणि त्याच वेळी हात हवेत भराभर काहीतरी मांडत, उचलत, उलटवत. येणारे-जाणारे वळून बघायचे. घडीताईंना जगाचं भान नसायचं. पहिला आठवडा असा गेला. मग मला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय, आपण काय रोज डोकावायचं.

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी आमच्या ह्यांचा शर्ट खालून आला आणि त्याची कॉलर आडवी होती. आडवी! ह्यांच्या लक्षातही आलं नाही, घालून आरशासमोर उभे. मी मात्र तशीच खाली गेले.

"घडीताई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? फोनला ताप येतोय रोज."

मला आधी ती नेहमीची थट्टा वाटली. पण त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. काळ्या पडद्यावर तापमापकाचं चित्र होतं. त्यांनी सांगितलं ते असं. दुसऱ्या आठवड्यापासून फोन चार्जच होईना. पिन खोचली की ढिली, धरून ठेवली तरच चालते. म्हणून त्यांनी पिनेखाली रुमालाची घडी दिली आणि वरून कपड्यांचा चिमटा लावून ती दाबून बसवली. एवढं करून दिवसभरात पंधरा-वीस टक्के. तेवढ्यावर व्हिडिओ टिकणार नाही, म्हणून बोलतानाही पिन लावलेलीच. बोलायला दोन्ही हात मोकळे हवेत, त्यामुळे फोन उभा करायला काहीतरी हवं. तर तो नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकवलेला. पाच-सहा मिनिटं झाली की पडदा मंद व्हायचा, तापमापक यायचा आणि फोन बंद. नेमका मुकादमबाई काहीतरी महत्त्वाचं सांगत असताना.

"मग तुम्ही काय केलंत?"

"ताप आला की काय करतात? ओल्या पट्ट्या ठेवल्या."

खरंच ठेवल्या होत्या. इस्त्रीआधी कपडे दमट करायला जे ओलं फडकं असतं, त्यात फोन गुंडाळून त्या तासभर ठेवायच्या. आता तापमापकाच्या जोडीला पाण्याच्या थेंबाचं चित्र येऊ लागलं होतं आणि उरलंसुरलं चार्जिंगही बंद पडलं होतं.

मी फोन हातात घेतला आणि टाकलाच जवळजवळ. "अहो, हा पोळतोय!"

"हा?" त्यांनी परत घेतला, तळहातावर इकडून तिकडे फिरवला. "कोमट आहे."

"गालाला लावून बघा."

त्यांनी इस्त्री नेतात तसा तो गालाजवळ नेला, आणि चपराक बसावी तसं डोकं मागे घेतलं. एकदा फोनकडे, एकदा स्वतःच्या तळहाताकडे बघितलं.

"कानाला लावताना इतक्या दिवसांत कळलं नाही तुम्हाला?"

"कानाला कशाला लावू वहिनी? पोरीशी हातांनी बोलते. ह्यांच्याशी बोलताना हात कामात, म्हणून स्पीकर. तुम्ही लोक तर गॅलरीतून ओरडता. हा फोन माझ्या कानाला आजवर लागलेलाच नाही."

कापडाला किती ऊब सोसेल हे डोळे मिटून सांगणारी ही बाई, आणि तिच्याच हातातली आग तिच्या हाताला सांगता येत नव्हती.

"शनिवारी निकाल आहे," घडीताई हळूच म्हणाल्या. "मुकादमबाईंना वाटतं मीच फोन कापते. परवा म्हणाल्या, 'तुम्हाला वेळ नसेल तर तसं सांगा.' मी काय म्हणणार, तेवढ्यात बंद."

"मला आधी नाही सांगायचं? माझा फोन घ्यायचा होता!"

"सांगणारच होते." मग खरं काय ते बाहेर आलं. "पोटात दोन बायका भांडतात वहिनी. एक म्हणते टिकू दे गं तिला तिथे. दुसरी म्हणते नाही टिकली तर घरी तरी येईल. फोन बंद पडला की दुसरी खूश होऊन गप्प बसते. ते मला आवडत नाही, पण बसते."

सहाला दहा मिनिटं होती. मी माझ्या फोनवरून लेकीला कॉल लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. घडीताईंनी कपाळावर हात मारला. "नाही उचलणार. अनोळखी नंबरवरचा व्हिडिओ मरायची वेळ आली तरी उचलायचा नाही, अशी मीच तिला शपथ घातलीय." मग मी मेसेज लिहिला, "मी आईची वहिनी आहे, फोन उचल." असा मेसेज तर प्रत्येक भामटा पाठवतो. पोरीने मला ब्लॉक केलं. आईने वळण चांगलं लावलं होतं, त्याचा त्या दिवशी आम्हा दोघींनाही राग आला.

आता माझीही चूक सांगून टाकते. फोन मी वर आणला, आमचे हे पेपरामागून म्हणाले, "तापलाय ना? फ्रीजमध्ये ठेव." एरवी ह्यांचं ऐकते असं नाही. त्या दिवशी ऐकलं. दहा मिनिटं फोन दुधाच्या पातेल्याशेजारी बसला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या काचेला आतून घाम फुटला होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी फोन घेऊन बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. बारीक अंगाचा, कपाळावर भिंग बांधलेला माणूस. दुकान म्हणजे एक काउंटर, एक पंखा आणि मागे शंभर छोटे खण. त्याने आमची सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे एकीने ओल्या पट्ट्या ठेवल्या," तो म्हणाला, "आणि दुसरीने फ्रीजमध्ये घातला."

"हो."

"ह्याला माझ्याकडे का आणलंत? ह्याला तुमच्यापासून लांब कुठेतरी ठेवायला हवं."

मग त्याने भिंग डोळ्यावर ओढलं, फोनच्या खालच्या भोकात डोकावला आणि एक बारीक लाकडी काडी घेऊन आत कोरू लागला. त्यातून राखाडी रंगाचं काहीतरी बाहेर आलं. अजून आलं. कपड्यांचा बारीक तंतू, खळीची पूड, सगळं दाबून दाबून नमद्यासारखं झालेलं. काउंटरवर त्याचा वाटाण्याएवढा गोळा झाला.

"काकू, तुमचा फोन स्वेटर विणत होता आत," तो म्हणाला.

घडीताई त्या गोळ्याकडे बघत राहिल्या. "बाई गं. हे तर माझ्याच टेबलावरचं."

"टेबलावरचंच. पिन त्याच्यामुळे आत जात नव्हती. वरून चिमटा लावून दाबलीत, त्यामुळे कचरा अजून आत बसला. अर्धवट लागलेली पिन तापते. व्हिडिओ चालला की फोन आतून तापतो. पाठीला हे जाड कव्हर, कव्हराला टेकलेले गरम कपडे. चारी बाजूंनी शेक. मग तो बिचारा स्वतःला वाचवायला बंद होतो. बिघाड नाही तो, शहाणपणा आहे." तो बोलत असतानाच फोन उघडत होता. "बॅटरी फुगलेली नाही, नशीब समजा. आतला ओलावा सुकवायला मात्र आजचा दिवस माझ्याकडे राहू द्या. उद्या सकाळी न्या. आणि यापुढे आधी पूर्ण चार्ज करायचा, मग पिन काढून बोलायचं. कव्हर काढायचं. टेबलापासून दूर. एरवी चिंधीत गुंडाळून ठेवा, कोरड्या."

"आणि गरम झालाय हे मला कळणार कसं?" घडीताईंनी तळहात पुढे केले.

त्याने ते तळहात बघितले. थट्टा करणारा माणूस, पण इथे थट्टा केली नाही. म्हणाला, "गालाला लावून बघत जा, काकू."

"ते कालच शिकले," घडीताई म्हणाल्या.

म्हणजे शुक्रवारची संध्याकाळही फोनविना गेली. सहा वाजता घडीताईंनी सवयीने इस्त्री उभी केली आणि मग दहा मिनिटं तशाच हात बांधून उभ्या राहिल्या. मला गॅलरीतून ते बघवेना. खाली हाक मारून मी उगाचच चादरींचं काहीतरी विचारलं.

शनिवारी सकाळी फोन मिळाला. तो चालू झाला तसा लेकीचा आदल्या संध्याकाळचा मेसेज आला: "उद्या सहा. मुकादमबाई बोलणार. नक्की." दुपारपर्यंत फोन शंभर टक्के भरला. पावणेसहाला घडीताई माझ्या घरी आल्या. हातपाय धुऊन, केस विंचरून, जशा काही त्यांचीच मुलाखत होती. स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या जेवणाच्या टेबलावर मी साखरेचा डबा ठेवला, त्याला फोन टेकवला, कव्हर काढून, पिन न लावता. पंखा मोठा केला. ह्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि सल्ला द्यायला मनाई केली.

सहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर आधी लेक दिसली. अंगात निळा अॅप्रन, केसांत कागदाचे कण. तिने आईकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे, आज तरी? घडीताईंनी होकाराची मान हलवली. मग कॅमेरा सरकला आणि मुकादमबाई आल्या. रुंद चेहऱ्याच्या, आवाज मशीनवरून ऐकू जाईल असा.

"आज कापू नका हं बाई. मोठं बोलायचंय."

"मी कापत नव्हते हो. फोन तापायचा."

"बरं, तापायचा. ऐका तर. पोरीला सांगत जा मागोमाग."

घडीताईंचे हात वर आले.

"काम तिला जमतं," मुकादमबाई म्हणाल्या. "हात साफ आहे. मोजणीत चूक नाही. पण मी खरं सांगू का? पहिल्या आठवड्यात मी ठरवलं होतं, हिला ठेवायचं नाही."

घडीताईंचे हात एक क्षण अडखळले, पण त्यांनी सांगितलं. लेकीचे डोळे मोठे झाले.

"दिवसभर पोरगी कुणाला काही विचारायची नाही. अडलं तरी तशीच रेटायची. का? तर सहाला आई सांगणार. आणि आम्ही बायकाही तशाच. जाऊ दे, संध्याकाळी हिच्या आईला सांगू. म्हणजे ती कारखान्यात असून नसल्यासारखीच. मग तुमचा फोन बंद पडायला लागला. पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी माझ्यावर डोळे वटारले. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन आली नि त्यावर वही काढली, शिवण काढली आणि बोट ठेवून विचारलं, इथे की इथे? मी म्हटलं, अगं बाई, हिला विचारता येतं की!"

लेक आईचे हात वाचत होती आणि हळूहळू लाजत होती.

"आता आमच्या टेबलावरच्या सगळ्या जणींना तिच्या वीस-पंचवीस खुणा येतात. मलाही येतात. चहाची तर आधी आली. एका गोष्टीने माझा जीव टांगणीला होता. कापायच्या मशीनचं पातं खाली यायच्या आधी घंटा होते, ती हिला ऐकू येणार नाही. तर परवा हिनेच तोड काढली. मशीनवरची बाई आधी टेबलावर दोनदा थाप मारते. लाकडी टेबल सलग आहे, थाप हिच्या कोपरापर्यंत येते. आम्हाला घंटा कळायच्या आधी हिचे हात मागे गेलेले असतात. तर मी हिला ठेवून घेते."

घडीताईंनी ते सांगितलं. पलीकडे लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पण एक अट आहे," मुकादमबाई म्हणाल्या. "हा सहाचा फोन बंद. आईशी बोलायचं तर खुशाल बोल, रात्री बोल, तासभर बोल. कामाचं मात्र इथेच, आमच्याशी. मध्ये आई नको. राग मानू नका बाई. सांगा तिला."

घडीताईंचे हात हवेत तसेच थांबले.

मी बाजूला उभी होते. मला त्या खुणांतल्या चार-दोनच कळतात. मुकादमबाईंना पंचवीस. म्हणजे त्या घडीला घडीताईंनी हातांनी काय सांगितलं, हे पडताळून बघणारं जगात कुणीही नव्हतं. "अट मोठी आहे, जमणार नाही, घरी ये" असं सांगितलं असतं तरी पोरीने आईवर विश्वास ठेवून सामान बांधलं असतं. हा विचार माझ्या मनात आला याची मला लाज वाटली. पुढे कितीतरी दिवसांनी घडीताईंनी आपण होऊन सांगितलं, "मनात आलं होतं वहिनी. हात उचललाही होता."

"बाई? फोन बंद पडला का पुन्हा?" पलीकडून आवाज आला.

"नाही," घडीताई म्हणाल्या. "चालू आहे."

आणि त्यांनी सांगितलं. सावकाश, एक एक खूण सुटी करून. फोन. काम. आई, आणि मग दोन्ही तळहात बाहेरच्या बाजूला ढकलून: नको. ही एवढी एक मला नीट कळली.

लेक बघत होती. मग ती भराभर बोलू लागली. हात कधी मुकादमबाईंकडे, कधी आईकडे वळत होते. घडीताई तोंडाने सांगू लागल्या, नेहमीसारखं, तिच्या वतीने.

"ती म्हणते, मला मान्य आहे. म्हणते, मलाही हेच सांगायचं होतं, पण…" त्या थांबल्या. "म्हणते, आईला वाईट वाटेल. तिला वाटेल आता तिची गरज उरली नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही तिला नीट समजावून सांगा."

मुकादमबाई गोंधळल्या. "मी? तुम्हाला?"

"हो. असं म्हणतेय ती."

"अहो मग सांगा की तुम्हीच तुम्हाला!" आणि मुकादमबाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरच्या खोलीतून ह्यांनी "काय झालं?" म्हणून विचारलं. लेकीला हसू दिसलं, ऐकू आलं नाही, पण तीही हसू लागली. घडीताई हसत होत्या आणि मनगटाने डोळे पुसत होत्या, कारण तळहात त्यांना पुन्हा लागणार होते.

"सांगितलं हो," त्या म्हणाल्या. "समजलं मला."

"मग सोमवारपासून वेळेवर सोडते म्हणावं तिला वसतिगृहावर, थांबवून ठेवत नाही," असं काहीतरी बोलून मुकादमबाई उठल्या. जाता जाता त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, अंगठा आणि दोन बोटं तोंडाशी नेऊन चहाची खूण केली आणि कॅमेऱ्यातून निघून गेल्या.

पडद्यावर आता एकटी लेक उरली. फोनवर एकाहत्तर टक्के होते. निरोप सांगायचा नव्हता, चूक समजवायची नव्हती, कुणी वाट बघत उभं नव्हतं. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. मग लेकीने आजूबाजूला नजर टाकली, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली आणि हात छातीशी घेऊन, लहान लहान, चोरटे हलवत काहीतरी सांगू लागली. कारखान्यातल्या कुणाबद्दल तरी असणार, कारण घडीताईंनी आ वासला आणि "काय सांगतेस!" असे दोन्ही हात फेकले.

तोंडाने कुणी खाजगी बोलत असलं तर आपण तिथेच राहून ऐकलं नाही असं दाखवू शकतो. हातांच्या बोलण्याचं तसं नाही. तिथे पाठच फिरवावी लागते. मी पाठ फिरवली, नळ सोडला आणि धुतलेले कप पुन्हा विसळायला घेतले.